बग रिपोर्टची छाननी: कोड न लिहिता ओपन सोर्सला हात कसा लावायचा

ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, बिघाड (बग) कळवणारे पुष्कळ असतात. कळवलेलं वाचून, पडताळून, नीट मांडून देणारे थोडे. हे मधलं काम म्हणजे ट्रायाज, आपल्या भाषेत छाननी. तक्रार अशी तयार करायची, की प्रोग्रॅमरने ती उघडली की लगेच कामाला लागता यावं.

प्रकल्प निवडताना रोज वापरता तेच सॉफ्टवेअर घ्या. त्यात नेहमीचं काय आणि विचित्र काय, हे तुम्हाला लगेच कळतं. फायरफॉक्स (ब्राउझर), लिबरऑफिस (ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर), केडीई (लिनक्सवरचा डेस्कटॉप) यांच्या तक्रारी बगझिला या तक्रार-नोंदणीच्या साधनावर नोंदल्या जातात (ते १९९८ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलासाठीच तयार झालं). गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या प्रकल्पांत ‘इश्यूज’ (तक्रारींची यादी) पाहा. खातं उघडा आणि दोन-तीन दिवस नुसतं वाचा: जुने लोक काय विचारतात, नोंद कशामुळे बंद करतात. मग लिबरऑफिससारख्या ठिकाणी ‘अनकन्फर्म्ड’ (अजून न पडताळलेल्या) स्थितीच्या नोंदी वेगळ्या काढा आणि त्यातली एकच उघडा.

आधी शोधा, हीच तक्रार पूर्वी आली आहे का. एकाच बिघाडाला कुणी ‘क्रॅश’ म्हणतं, कुणी ‘हँग’, कुणी ‘आपोआप बंद होतं’. सगळे शब्द टाकून पाहा. जुळी सापडली तर ज्या नोंदीत माहिती जास्त आहे ती ठेवून दुसरी तिला जोडायची. जुनी तीच खरी, असं नसतं.

आता खरं काम: बिघाड आपल्या मशिनवर घडवून पाहणं. आधी सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घ्या, मग स्वच्छ सेटिंग्जवर करून पाहा. लिबरऑफिसमध्ये ‘हेल्प’ मेनूत ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ आहे, फायरफॉक्समध्ये ‘ट्रबलशूट मोड’. कितीतरी तक्रारी इथेच सुटतात, कारण दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा (वरून जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमचा) निघतो.

समजा, लिबरऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीटबद्दल तक्रार आहे: ‘कॅल्कमध्ये पेस्ट केलं की सगळं गडबडतं.’ तुम्ही पेस्ट करता, काही होत नाही. लगेच ‘माझ्याकडे चालतंय’ लिहून मोकळे होऊ नका. तक्रार करणाऱ्याला ते तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. फिल्टर लावलेला असताना पेस्ट करा, मर्ज केलेल्या सेलवर करा, दुसऱ्या फाइलमधून आणून करा. फिल्टर असतानाच मजकूर लपलेल्या ओळींत जातोय असं दिसलं, तर धागा हाती लागला. मग लिहा: नवी शीट, पाच ओळी, दुसरी आणि चौथी फिल्टरने लपवली, तीन सेल पेस्ट केले, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्या पाच ओळींची फाइल जोडा. मूळ तक्रारीबरोबर आलेल्या फाइलमध्ये कुणाची खासगी माहिती नाही ना, तेही तपासा. नोंद जगजाहीर असते.

नाहीच घडलं, तर तेही आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिमसह नोंदवा. नेमका प्रश्न विचारा. ‘अधिक माहिती द्या’ यापेक्षा ‘पेस्ट करताना फिल्टर लावलेला होता का?’ याला उत्तर मिळतं. प्रश्न विचारल्यावर नोंद ‘नीडइन्फो’ (माहिती हवी) स्थितीत टाका. समोरचा वैतागलेला असेल, तरी त्याने वेळ काढून कळवलं आहे. पहिलं वाक्य आभाराचं असू द्या.

आधीच्या आवृत्तीत बरोबर चालत होतं का, हेही पाहा. फायरफॉक्ससाठी मोझरिग्रेशन हे साधन जुने बिल्ड (त्या त्या वेळच्या तयार आवृत्त्या) उतरवून, दर वेळी निम्मे वगळत बिघाड नेमका कधी शिरला ते शोधतं. हजार बिल्ड असले तरी साधारण दहा चाचण्यांत उत्तर! प्रोग्रॅमरसाठी याहून मोलाची माहिती क्वचितच असते.

तक्रार सुरक्षेच्या त्रुटीची वाटली तर उघड चर्चा करू नका. प्रकल्पाने सांगितलेल्या खासगी मार्गाने कळवा. आणि गांभीर्य ठरवताना तुमचं मत द्या, पण आधी काय दुरुस्त करायचं हे ज्यांना कोड लिहायचा आहे त्यांच्यावर सोडा.

सुरुवातीला बहुतेक ठिकाणी फक्त प्रतिक्रिया लिहिता येते. तेवढ्यावरही यातलं बहुतेक करता येतं; स्थिती बदलता येत नसेल, तर तसं प्रतिक्रियेत सुचवा. पंधरा-वीस नोंदी नीट हाताळल्यावर परवानगी मागा. गिटहबवर संस्थांना ‘ट्रायाज’ नावाची वेगळी भूमिका देता येते: कोडला हात न लावता लेबल लावता येतात, नोंदी बंद करता येतात.