ग्रबमधे लिहिलं पण कर्नलपर्यंत पोचलंच नाही? या चुका टाळा

परवा रात्री साडेनऊला इंदूरच्या रामबागेतून मावसभावाचा फोन. "दादा, स्क्रीन परत काळी. काल तर चालली होती!" जेल रोडवरून एकेक पार्ट आणून त्याने स्वतः जोडलेला पीसी, त्यात नवीन ग्राफिक्स कार्ड आणि नवीन एसएसडीवर उबंटू लिनक्स. आदल्या दिवशी मी त्याला फोनवरच सांगितलेलं की ग्रबचा (पीसी चालू केल्यावर सिस्टीम सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) मेनू आला की ई दाब, लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ शोध, तिच्या शेवटी एक स्पेस देऊन नोमोडसेट लिही आणि एफ१० दाब (नोमोडसेट म्हणजे ग्राफिक्सचा मोड बदलू नको, असं कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणारा शब्द). चाललं. मी म्हटलं अरे, ई दाबून केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो, रीस्टार्ट केलं की गेला. तर म्हणे, "ते माहितीये मला, मी ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमधे पण टाकलंय, अपडेट-ग्रब पण मारलं, एरर एक नाही आली."

आता ही खरी गंमत होती, म्हणून जेवण उरकून स्कूटर काढली. त्याचं काय निघालं ते सांगतो, पण त्याआधी हे पॅरामीटर, म्हणजे कर्नलला द्यायचे असे शब्द, जातात कसे ते बघून घ्या, कारण निम्म्या चुका तिथेच कळतात.

बूटलोडरचं काम फार थोडं आहे. कर्नलची फाइल मेमरीत आणायची, सोबत इनिटआरडी (सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टीम) आणायची, पॅरामीटरची ती एक लांबलचक ओळ मेमरीत कुठेतरी ठेवायची, आणि कर्नलच्या हेडरमधे ठरलेल्या जागी त्या ओळीचा पत्ता लिहायचा. बस, मग कर्नलमधे उडी, आणि बूटलोडर संपला. आपल्या साध्या इंटेल-एएमडी मशीनवर हे असं होतं. रास्पबेरी पायसारख्या एआरएम बोर्डवर तीच ओळ डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनातल्या) चोझन नावाच्या नोडमधे बूटआर्ग्ज म्हणून जाते. म्हणजे पोराच्या हातात चिठ्ठी देऊन वाण्याकडे पाठवल्यासारखं आहे, चिठ्ठीत काय लिहिलंय ते पोरगं वाचत नाही, आणि तुम्ही 'साखर'च्या जागी 'साकर' लिहिलं असेल तर ते काही परत येऊन विचारणार नाही.

आणि वाणीही विचारत नाही! इथेच सगळे फसतात. कर्नलला एखादा शब्द कळला नाही तर तो थांबत नाही, तो शब्द पुढे इनिटकडे, म्हणजे कर्नल सुरू करतो त्या पहिल्या प्रोग्रामकडे, ढकलतो (बरोबरचं चिन्ह असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून, नसेल तर आर्ग्युमेंट म्हणून), आणि शब्दात टिंब असेल तर कुठल्यातरी मॉड्यूलचा (कर्नलच्या सुट्या तुकड्याचा) असेल म्हणून सोडून देतो. तुम्ही नोमोडसेटमधे एक अक्षर चुकलात तर स्क्रीन काळीच राहणार आणि तुम्ही म्हणणार नोमोडसेटचा काही उपयोग नाही. आताशाच्या कर्नलमधे डीमेसेजमधे (कर्नलच्या मेसेजच्या यादीत) 'अननोन कर्नल कमांड लाइन पॅरामीटर्स' अशी ओळ येते, पण ती बघतो कोण. आणि हो, मी इथे सगळं देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थात इंग्रजीतच टाइप करायचं, ते पण बहुतेक स्मॉलमधे (यूयूआयडीसारखे काही कॅपिटलमधे), कॅपिटल-स्मॉलचा फरक पडतो. पॅरामीटरच्या नावातला डॅश आणि अंडरस्कोर मात्र कर्नल एकच मानतो, त्यावर उगाच डोकं खाऊ नका.

म्हणून काहीही चाललं नाही की आधी दोन जागा बघायच्या. एक, ग्रबमधे ई दाबून दिसणारी ती लिनक्सची ओळ, म्हणजे बूटलोडर काय देणार आहे ते. दुसरी, सिस्टीम चालू झाल्यावर कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन, म्हणजे कर्नलला काय मिळालं ते. शब्द पहिल्या जागी नसेल तर फाइलचा घोळ आहे, दोन्हीकडे असून परिणाम नसेल तर शब्दाचाच घोळ आहे. लोक हे न बघता सरळ री-इन्स्टॉल मारतात, मला फार राग येतो.

फाइलचा घोळ कसा होतो ते बघा. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही दिसायला सेटिंगची फाइल आहे पण खरं म्हणजे ती शेल स्क्रिप्ट म्हणून चालते. ग्रब-सीएमडीलाइन-लिनक्स-डिफॉल्टची ओळ तिथे आधीच असते, क्वायट स्प्लॅशवाली (या फाइलमधली नावं मात्र कॅपिटलमधे, आणि डॅशच्या जागी अंडरस्कोरच). काहीजण त्यातच शब्द टाकायचं सोडून खाली तशीच नवीन ओळ लिहितात, मग शेल शेवटची ओळ धरतो आणि वरचं सगळं गेलं. काहीजण बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला छान मोकळी जागा सोडतात, शाळेत गणित लिहायचो तसं, की लगेच कमांड नॉट फाउंड. आणि सगळ्यात वैताग म्हणजे व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेली ओळ, त्यात सरळ अवतरणचिन्हं जाऊन गोल, वळलेली येतात. शेलला ती अवतरणं वाटतच नाहीत, त्यामुळे क्वायटनंतरची स्पेस आली की त्याला वाटतं पुढचा शब्द म्हणजे कमांड, आणि एरर येते 'स्प्लॅश: नॉट फाउंड'. आता माणूस स्प्लॅश नावाचं पॅकेज शोधत बसतो! माझ्या ओळखीतल्या एकाने खरंच शोधलं. एरर आली की अपडेट-ग्रब तिथेच थांबतं आणि जुनी ग्रब.सीएफजी (अपडेट-ग्रब बनवतं आणि ग्रब बूटच्या वेळी वाचतो ती फाइल) तशीच राहते, म्हणून त्या कमांडचं आउटपुट शेवटपर्यंत वाचा. आणि फाइल बदलून अपडेट-ग्रब मारलंच नाही तर काहीच होणार नाही, ते वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

अजून एक, डिफॉल्टवाली ओळ रिकव्हरी मोडच्या एंट्रीला लागत नाही, तिथेही हवं असेल तर नावात डिफॉल्ट नसलेल्या ओळीत टाका.

शब्दांच्या घोळात रूट= (मुख्य फाइलसिस्टीम कुठे आहे ते सांगणारा) सगळ्यात वरती. हाताने /देव/एसडीबी२ असं डिस्कच्या पार्टिशनचं नाव लिहून ठेवतात, मग एक दिवस पेनड्राइव्ह लावून बूट केलं की एसडीबीचं एसडीसी होतं आणि रूट सापडत नाही. यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टीमचा ओळखनंबर, लिहा. पण एक बारीक गोष्ट, फाइलसिस्टीमचा यूयूआयडी कर्नल स्वतः ओळखत नाही, ते शोधायचं काम इनिटरॅमएफएस (म्हणजे ती इनिटआरडीच) करतं. त्यामुळे ई दाबून खाडाखोड करताना चुकून इनिटआरडीची ओळ उडाली तर यूयूआयडी अगदी बरोबर असूनही 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणत पॅनिक होतो. इनिटआरडी नसेलच तर पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखनंबर) द्या, तो कर्नलला कळतो.

कन्सोल= (मेसेज कुठे दाखवायचे ते) दोनदा लिहिता येतं, एक स्क्रीनसाठी आणि एक सीरियल पोर्टसाठी. कर्नलचे मेसेज दोन्हीकडे जातात, पण शेवटी लिहिलेला तो खरा /देव/कन्सोल. सीरियल शेवटी लिहिलं की स्क्रीनवर थोडे मेसेज येऊन सगळं अडकल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात मशीन मजेत चालू असते आणि पुढचं सगळं सीरियलवर जात असतं. आणि बॉडरेटच्या (सीरियलच्या वेगाच्या आकड्याच्या) आधीच्या कॉमानंतर स्पेस द्यायची नाही, स्पेस आली की कर्नलच्या दृष्टीने तो दुसरा शब्द झाला.

रास्पबेरी पायवाल्यांनी सीएमडीलाइन.टीएक्सटीमधे एंटर मारायचा नाही, सगळं एकाच ओळीत. कॉलेजच्या प्रोजेक्टवाली पोरं वाचायला सोपं जावं म्हणून खाली खाली लिहितात आणि मग बोर्डाला शिव्या देतात.

पासवर्ड वगैरे या ओळीत कधीच टाकू नका, /प्रॉक/सीएमडीलाइन कुठलाही युजर वाचू शकतो. लांबीची मर्यादा इंटेल-एएमडीवर २०४८ बाइट आहे, घरच्या मशीनवर तिथपर्यंत कोणी जात नाही. नोमोडसेट कायमचं ठेवू नका पण, ते ड्रायव्हर टाकेपर्यंतच आहे, नाहीतर नवीन कार्ड घेऊन रिझोल्यूशन मात्र जुन्या डब्यासारखं.

तर रामबाग. मावशीने चहा ठेवला, मी ई दाबलं. ओळीत नोमोडसेट नाही. नोमोडसेट टाकूनच बूट केलं, फाइल उघडली, तिथे शब्द आहे, अवतरणं सरळ, अपडेट-ग्रब माझ्यासमोर मारलं, एरर नाही. रीस्टार्ट, ई, परत नाही! मला वाटलं डोळे गेले. मग एस्केप मारून मेनूवर आलो आणि नीट वाचलं तर उबंटूच्या नावापुढे कंसात 'ऑन /देव/एसडीबी२' असं लिहिलेलं, आणि सगळ्यात वरची एंट्री मिंटची, म्हणजे दुसऱ्याच एका लिनक्सची. म्हटलं हे काय? "अरे हां, जुन्या हार्डडिस्कवर मिंट आहे ना, उबंटू टाकल्यावर एकदा उघडून अपडेट केलं होतं, मग उघडलंच नाही."

म्हणजे बूट होत होता तो मिंटचा ग्रब. पोरगं फाइल बदलत होतं उबंटूची. उबंटूतलं अपडेट-ग्रब उबंटूचीच ग्रब.सीएफजी लिहितं, ती वाचायला कोणी येतच नव्हतं, कारण मिंटने त्या अपडेटच्या वेळी ओएस-प्रोबरने (डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टीम शोधणाऱ्या प्रोग्रामने) त्यातली ओळ उचलून आपल्या मेनूत लिहून ठेवलेली. असं असेल तर आधी उबंटूमधे अपडेट-ग्रब, मग मिंटमधे जाऊन अपडेट-ग्रब, याच क्रमाने, कारण मिंट उबंटूची नवीन फाइल वाचून मगच स्वतःची बनवतं. आणि ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर मुळात बंद असतो, दुसरी सिस्टीम दिसेनाशी झाली तर फाइलमधे ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर फॉल्स करा. आम्ही सोपा रस्ता घेतला, बायोसमधे जाऊन एसएसडी पहिल्या नंबरवर केली. बारा वाजून गेले होते, तरी आमचा हा मावसभाऊ भिया म्हणतो, "दादा, सराफ्यात खाण्याची दुकानं चालू असतील अजून."