अंगभर दिसायला आरसा केवढा लागतो? घेण्याआधी मोजून पाहा

चवथीआधी घराला रंग काढून झाला की कपाटाशेजारच्या मोकळ्या भिंतीवर आरसा हवासा वाटतो. अंगभर दिसायचं तर पुरुषभर उंच आरसा लागणार, असं धरून आपण जास्तीचे पैसे मोजतो. त्याची गरज नसते.

आधी टिकलीचा प्रयोग करा. घरातल्या आरशासमोर सरळ उभं राहून एक डोळा मिटा. आरशात डोक्याचा माथा दिसतो तिथे एक टिकली लावा, हनुवटी दिसते तिथे दुसरी. आता दोन टिकल्यांमधलं अंतर मोजा. ते चेहऱ्याच्या निम्मंच भरेल! मान न हलवता, तोच डोळा मिटून सरळ मागे जा. माथा आणि हनुवटी त्याच टिकल्यांवर राहतात. मार्को बर्टामिनी आणि थिओडोर पार्क्स या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली लोकांना हेच विचारलं, तेव्हा बहुतेकांचा अंदाज चुकला. आरशावरची प्रतिमा चेहऱ्याएवढीच असते आणि मागे गेलं की लहान होते, असं आपल्याला मनापासून वाटतं.

म्हणून लांब उभं राहिलं की पाय दिसतील, ही आशा सोडा. भिंतीला सपाट लावलेल्या आरशात जवळून पाय दिसत नसतील, तर लांबूनही दिसणार नाहीत.

आता माप घ्या. घरातल्या सर्वांत उंच माणसाचे डोळे आणि माथा यांच्या मधोमध आरशाची वरची कड यायला हवी. खालची कड सर्वांत बुटक्या माणसाच्या डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर. समजा थोरला ५ फूट १० इंच आहे, डोळे ५ फूट ६ इंचांवर. आई ५ फूट, तिचे डोळे ४ फूट ८ इंचांवर. मग वरची कड ५ फूट ८ इंचांवर, खालची २ फूट ४ इंचांवर. ३ फूट ४ इंचांचा आरसा दोघांनाही पुरतो.

आरशात डावं-उजवं उलटं होतं असं आपण म्हणतो, तेही तपासा. आरसा उत्तरेच्या भिंतीवर असेल तर पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने हात करा. आरशातला हातही समुद्राकडेच जातो. बोट आरशाकडे रोखलं की मात्र समोरचं बोट तुमच्याकडे येतं. उलटतं ते पुढचं-मागचं.

रस्त्यावरच्या आरशांबाबत तर जास्त जपायला हवं. आंधळ्या वळणावरचा फुगीर आरसा गाडी लहान दाखवतो, म्हणून ती लांब वाटते, पण असते जवळ. अरुंद रस्त्यावर बसमागे स्कूटर असेल, तर बसच्या आरशात चालकाचे डोळे शोधा. ते दिसत नसतील तर त्या आरशात त्यालाही तुम्ही दिसत नाही. तेव्हा ओव्हरटेक करू नका.