मांडीची मागची शीर दुखावल्यावर मैदानात कसं परतायचं: रोसित्स्कीची कारकीर्द डोळ्यांसमोर ठेवून

चेक फुटबॉलपटू, मिडफिल्डर तोमाश रोसित्स्की २००६ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडहून इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला आला आणि तिथे १० वर्षं राहिला. या काळात तो २४६ सामने खेळला. त्याच्यासारख्या खेळाडूच्या मानाने हा आकडा फारच कमी आहे. जानेवारी २००८ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध दुखापत झाली आणि तो परतला थेट सप्टेंबर २००९ मध्ये. मधली युरो २००८ ही युरोपीय देशांची स्पर्धा हातची गेली. युरो २०१२ मध्ये ग्रीसविरुद्ध टाचेमागच्या अकिलीस टेंडनने (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीने) दगा दिला. जानेवारी २०१६ मध्ये बर्नलीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला, मांडी दुखावली, आणि आर्सेनलसाठी तोच त्याचा शेवटचा सामना ठरला. त्याच वर्षीच्या युरोत क्रोएशियाविरुद्ध त्याने पायाच्या बाहेरच्या कडेने दिलेल्या पासवर श्कोडाने हेडरने गोल केला, पण सामना संपता संपता पुन्हा मांडी गेली. पाय गोलाकार न फिरवता बाहेरच्या कडेने इतका अचूक पास देणारे फार थोडे झाले. डिसेंबर २०१७ मध्ये त्याने खेळणं थांबवलं.

चांगले डॉक्टर दिमतीला असूनही अशी वेळ येते. वडोदऱ्यात पोलो ग्राउंडवर संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांच्या दिमतीला बहुधा एक क्रेप बँडेज असतं. म्हणून क्रम नीट माहीत असायला हवा. आपल्याकडे सर्वात मोठी चूक होते ती दुखणं थांबल्यावर. चालताना दुखत नाही म्हणून पोरं सामन्यात उतरतात आणि पहिल्याच स्प्रिंटला पुन्हा मांडी धरून बसतात.

आपण जिला मांडीची मागची शीर म्हणतो ती हॅमस्ट्रिंग म्हणजे खरं तर तीन स्नायू. ते बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जोडलेले असतात. वेगात धावताना पाय जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी हा स्नायू लांबत असतो आणि त्याच क्षणी पुढे झेपावणारी पोटरी रोखूनही धरत असतो. तो फाटतो तो बहुधा इथेच. लांब किक मारताना किंवा पाय फाकवून टॅकल करताना झालेली दुखापत वेगळी असते. ती बैठकीच्या हाडाजवळ होते, सुरुवातीला किरकोळ वाटते, पण बरी व्हायला जास्त वेळ घेते.

पहिले दोन-तीन दिवस खेळ बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. क्रेप बँडेज बेताचं घट्ट बांधा. पाऊल बधिर झालं तर लगेच सोडा. दुखेल इतकं ताणू नका. शेकू नका आणि तेल-मालिश अजिबात नको. आपल्या शहराला आखाड्यांची जुनी परंपरा आहे आणि आखडलेल्या अंगाला जाणत्या वस्तादांच्या हाताने आराम पडतोही. पण ताज्या फाटलेल्या स्नायूवर रगडलं की आत रक्तस्राव वाढतो. दुखावताना ‘टक्’ असा आवाज आला, चालताच येईना, मांडीवर मोठा काळानिळा डाग उतरला, दाबून पाहताना बोटाला खड्डा लागला किंवा बैठकीच्या हाडापाशी दुखत असलं तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. एमआरआय काढायचं ठरलं तर टेंडनला इजा आहे का, हे स्पष्ट विचारा. टेंडन गुंतलं असेल तर मुदत लांबते.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हलकं काम. उताणं झोपा, गुडघा थोडा वाकवा, टाच जमिनीत दाबा आणि ३० सेकंद धरा. असं पाच वेळा. ते जमलं की दोन्ही पायांवर ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं), १० चे तीन सेट, मग एका पायावर. जोडीला एक्स्टेंडर करा: उताणं झोपून मांडी दोन्ही हातांनी सरळ उभी धरा आणि गुडघा हळू उघडा. दुखायच्या अलीकडे थांबा. १२ चे तीन सेट, दिवसातून दोनदा. दहापैकी दोन-तीनपेक्षा जास्त दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जड झाला, तर मागच्या पायरीवर या.

धावणं टप्प्याटप्प्याने. ४० मीटर आखा: १५ मीटर वेग वाढवा, १० मीटर तो टिकवा, १५ मीटरमध्ये कमी करा. सुरुवात अर्ध्या वेगाने, सहा फेऱ्या. पुढे ६०, ७०, ८० टक्के, मध्ये एक दिवस सोडून. खरी गोम ८० टक्क्यांच्या वर आहे. तिथे स्नायूवरचा ताण झपाट्याने वाढतो, म्हणून ८५, ९०, ९५ असं बारीक पावलांनी जा. मिडफिल्डरला नुसतं सरळ धावून भागत नाही. चेंडू घेऊन वळणं, अचानक थांबणं आणि लांब पास सगळ्यात शेवटी आणा. पास आधी १५ मीटरचे, मग ३० चे.

सामन्यात उतरण्याआधी पाय तपासा, कॅलेंडर नको. बोटाने दाबून दुखत नाही. पाय सरळ ठेवून दोन्ही बाजूंनी सारखाच वर जातो. टाच खुर्चीवर ठेवून एका पायाचे ब्रिज दोन्हीकडे २० च्या वर होतात. पूर्ण वेगाचे स्प्रिंट न बिचकता मारता येतात. शिवाय संघाबरोबर दोन-तीन पूर्ण प्रॅक्टिस झाल्या आहेत. यातलं एकही जमत नसेल तर थांबा. परतल्यावरही पहिला सामना २०-३० मिनिटांचाच खेळा.

पुढे सीझनभर नॉर्डिक हा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम. गुडघे मऊ गादीवर टेका, मित्राला घोटे धरायला सांगा आणि कंबर न मोडता पुढे हळूहळू झुका. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाचचे दोन सेट. दुसऱ्यात दोनदा, सहाचे दोन. तिसऱ्यात तीनदा, सहा ते आठचे तीन. पहिल्यांदा मांड्या दोन दिवस भरून येतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत नॉर्डिक करू नका. बरेच जण भरून आलेल्या मांड्यांना घाबरून सोडून देतात, पण हळू वाढवलं तर दोन-तीन आठवड्यांत हा त्रास जातो.

वडोदऱ्यात नवरात्रही हिशोबात धरावी लागते. अनवाणी, अर्धं वाकून, तासन्‌तास गिरक्या. त्यात झोप चार तासांची. पोटरी आणि हॅमस्ट्रिंग दोन्ही थकतात. गरबा खेळायचा असेल तर जरूर खेळा, पण त्या नऊ दिवसांत सकाळचे स्प्रिंट आणि नॉर्डिक बंद ठेवा आणि चेंडूवरचं हलकं काम करा. दसऱ्यानंतर दोन दिवस सोडून ८० टक्क्यांपासून पुन्हा चढा. नुकत्याच बऱ्या झालेल्या पायाने मात्र त्या वर्षी कडेला बसून टाळ्या वाजवाव्यात.