फँटसी बेसबॉल : नजरेआडचे तरुण खेळाडू हेरताना या चुका टाळा

फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायचे. त्यातल्या कीपर किंवा डायनेस्टी लीग (जिथे खेळाडू पुढच्या हंगामांसाठी राखता येतात) खेळणाऱ्यांकडून दर हंगामात एकच तक्रार ऐकू येते : चांगले प्रॉस्पेक्ट (उद्याचे होतकरू खेळाडू) आधीच उचलले गेले, आता उरलंय काय? अमेरिकेत ऑफिसच्या लीगमध्ये नव्याने शिरलेल्या आपल्या मंडळींकडून तर हमखास. माझं मत उलट आहे. उरलेलं भरपूर असतं, पण मायनर लीगचे (सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांचे : सिंगल-ए, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए) आकडे जसेच्या तसे वाचले की ते दिसत नाही. एखाद्याच्या नावापुढे तीस होम रन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) दिसले की आधी विचारायला हवं, हे कोणत्या वयात, कोणत्या मैदानांवर आणि कसल्या पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) जमलं? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

टॉप १०० यादीपाशी थांबणं

याद्या मेहनतीने बनवलेल्या असतात, पण त्या खऱ्या बेसबॉलसाठी असतात. तिथे शॉर्टस्टॉपचं (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूचं) क्षेत्ररक्षण हे मोठं भांडवल. आपल्या नेहमीच्या लीगमध्ये त्याला शून्य गुण. अँड्रेल्टन सिमन्सने क्षेत्ररक्षणाचे चार गोल्ड ग्लव्ह पुरस्कार जिंकले, पण एका हंगामात त्याचे होम रन कधी १७ च्या वर गेले नाहीत.

दुसऱ्या टोकाला होसे रामिरेझ. क्लीव्हलंडने त्याला अवघ्या ५० हजार डॉलरमध्ये करारबद्ध केलं. उंची पाच फूट नऊ इंच, आणि 'बेसबॉल अमेरिका'च्या टॉप १०० मध्ये त्याचं नाव कधीच आलं नाही. पण वयाच्या विसाव्या वर्षी डबल-ए मध्ये खेळताना त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि वॉक (चार खराब चेंडू सोडून पहिला बेस फुकट मिळवणं) जवळपास सारखे होते, वर तो बेसही चोरत होता (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस गाठत होता). त्याच हंगामाच्या शेवटी, सप्टेंबर २०१३ मध्ये, तो मेजर लीगच्या मैदानावर उतरला. यादीत नसलेला पण आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या पोरांमध्ये टिकून खेळणारा असा मुलगा दिसला, की त्याच्या नावावर खूण करून ठेवा.

होम रन मोजणं आणि चेंडू बॅटला लागतो का हे न बघणं

फलंदाज निवडताना सर्वात महागात पडणारी चूक ही. अंगात ताकद वयाप्रमाणे भरत जाते. कोणता चेंडू सोडायचा हे कळणारी नजर मात्र लवकर दिसते, आणि ती ज्याच्याकडे नाही त्याला वरच्या पातळीवरचे पिचर उघडं पाडतात.

मुकी बेट्सचे सुरुवातीचे आकडे एकदा नीट काढून बघा. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) बॉस्टनने त्याला पाचव्या फेरीत, १७२ व्या क्रमांकावर घेतलं. २०१२ मध्ये बॉस्टनच्या लोवेल इथल्या मायनर संघाकडून तो ७१ सामने खेळला आणि होम रन किती? एकही नाही. फँटसीवाल्याने त्याच्याकडे वळूनही बघू नये, असा तो रकाना. पण शेजारच्या रकान्यात वॉक आणि स्ट्राइकआउट बरोबरीत होते, आणि पोरगा एकोणीस वर्षांचा होता. २०१३ ची सुरुवात तर अजून वाईट झाली. पहिल्या महिन्यात सरासरी (फलंदाजीच्या दर संधीमागचे हिट) .२०० च्याही खाली, पण वॉक मिळवणं थांबलं नव्हतं. हंगाम संपला तेव्हा दोन पातळ्या मिळून सरासरी .३१४, १५ होम रन, ३८ चोरलेले बेस, आणि ५७ स्ट्राइकआउटच्या तुलनेत ८१ वॉक. जून २०१४ मध्ये तो बॉस्टनच्या संघात होता आणि २०१८ मध्ये अमेरिकन लीगचा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला. ज्याने फक्त होम रन आणि सरासरी पाहिली, त्याला तो सगळ्यांना दिसू लागल्यावरच दिसला.

माझं स्वतःचं माप सांगतो. खालच्या पातळीवर शंभर वेळा फलंदाजीला येऊन वीसपेक्षा कमी वेळा स्ट्राइकआउट होणारा आणि दहाच्या आसपास वॉक मिळवणारा मुलगा असेल, तर होम रन नसले तरी मी पुढचं वाचतो. तीस-बत्तीस वेळा स्ट्राइकआउट होत असेल तर त्याचे होम रन मला भुलवत नाहीत. अपवाद असतात, पण रोस्टरच्या (आपल्या संघाच्या यादीतल्या) मोजक्या जागा अपवादाच्या भरवशावर अडवून ठेवू नयेत.

मैदान आणि लीग विसरणं

२००५ मध्ये वीस वर्षांच्या ब्रँडन वुडने कॅलिफोर्निया लीगमधल्या रँचो कुकामोंगाकडून ४३ होम रन मारले आणि सगळा देश त्याच्याकडे बघू लागला. पण कॅलिफोर्निया लीग म्हणजे तेव्हा फलंदाजांसाठी पाटा खेळपट्टीच होती : कोरडी हवा आणि लँकेस्टरसारख्या ठिकाणी चेंडू बाहेर उडवून नेणारा वारा. त्याच्या शंभराहून जास्त स्ट्राइकआउटकडे फार कमी जणांनी लक्ष दिलं. मेजर लीगमध्ये त्याची कारकिर्दीची सरासरी .१८६ राहिली आणि होम रन एकूण १८.

हीच चूक पिचरच्या बाबतीत उलटी होते, आणि तिथे खरा माल सापडतो. जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, पिचिंगकडे उशिरा वळला. नवव्या फेरीत निवड झाली, मग कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया. २०१३ मध्ये तो न्यूयॉर्क मेट्सच्या ट्रिपल-ए संघाकडून लास वेगासला खेळत होता आणि ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा; कमी तितका चांगला) साडेचारच्या आसपास होता. वय पंचवीस, ईआरए असा. लोकांनी पान उलटलं. पण वेगासचा संघ खेळायचा ती पॅसिफिक कोस्ट लीग. अल्बुकर्क समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर, रीनोही उंचावर, आणि तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हही कमी वळतो. मे २०१४ मध्ये डीग्रॉम न्यूयॉर्कला आला, २.६९ ईआरएने नॅशनल लीगचा रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) झाला आणि पुढे २०१८, २०१९ अशी सलग दोन वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. अशा लीगमधल्या पिचरचा ईआरए झाकून ठेवा आणि स्ट्राइकआउटमधून वॉक वजा करून बघा.

वयाचा नियम सरसकट लावणं

फलंदाजाला वयाचा नियम कडकपणे लावा. चोवीस वर्षांचा माणूस सिंगल-ए मध्ये धुमाकूळ घालत असेल तर त्यात कौतुक करण्यासारखं फारसं नाही. उलट हुआन सोटो. २०१७ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळला, त्यामुळे त्याची झेप अनेकांच्या नजरेतून सुटली. मे २०१८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, डबल-ए मध्ये जेमतेम आठवडाभर काढून तो थेट वॉशिंग्टनला पोचला आणि त्या हंगामात २२ होम रन मारले. दुखापतीमुळे कमी खेळलेला आणि कमी कुवतीचा, हे दोन वेगळे खेळाडू आहेत.

पिचरला मात्र थोडी सूट द्या, विशेषतः शस्त्रक्रियेतून परतणाऱ्यांना. टारिक स्कूबलची टॉमी जॉन कॉलेजातच झाली होती; २०१८ मध्ये तो नवव्या फेरीत गेला आणि २०२४ मध्ये साय यंग जिंकला. स्पेन्सर स्ट्रायडरचंही कॉलेजातच कोपराचं ऑपरेशन झालं, निवड चौथ्या फेरीत, आणि २०२२ मध्ये १३२ इनिंगही न टाकता २०२ स्ट्राइकआउट. ऑपरेशननंतर वेग परत आला, ही बातमी कुठल्याही क्रमवारीपेक्षा आधी येते.

छोट्या व्यवहारांच्या बातम्या न वाचणं

ऑगस्ट २०१६ मध्ये डॉजर्सनी रिलीव्हर (सामन्यात नंतर येणारा बदली पिचर) जॉश फील्ड्सच्या बदल्यात ह्यूस्टनला एक मुलगा दिला, जो डॉजर्सकडून एकही सामना खेळला नव्हता. तो योर्डान अल्वारेझ. २०१९ मध्ये ८७ सामन्यांत २७ होम रन आणि एकमताने रूकी ऑफ द इयर. २०१६ च्याच जूनमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने जेम्स शील्ड्ससाठी सतरा वर्षांचा फर्नांडो टाटिस ज्युनियर सॅन डिएगोला देऊन टाकला होता. समोरच्या संघाने आग्रहाने मागून घेतलेला अनोळखी पोरगा म्हणजे त्यांच्या स्काउटचं मत, आणि ते आपल्याला फुकट वाचायला मिळतं. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येणाऱ्या ट्रेड डेडलाइनला (संघांमधल्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेला) मोठ्या नावांच्या खालच्या ओळी वाचा.

चोरलेल्या बेसबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये बेस मोठे झाले, पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या धावपटूला बाद करण्यासाठी चेंडू फेकण्यावर) मर्यादा आली आणि मेजर लीगमधल्या चोऱ्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. त्यामुळे सिंगल-ए मधले चाळीस बेस बघून हुरळू नका. किती वेळा पकडला गेला ते बघा.

घेतलेला मुलगा चालत नाही, तेव्हा

लगेच सोडून देऊ नका, आधी कारण शोधा. २०१५ मध्ये रामिरेझची सरासरी .२१९ होती आणि त्याला मध्येच ट्रिपल-ए ला पाठवलं गेलं. बऱ्याच जणांनी तेव्हा त्याला वेव्हरवर टाकलं (संघातून मोकळं केलं) असेल. पण स्ट्राइकआउट तेव्हाही कमीच होते, म्हणजे नजर शाबूत होती. पुढच्याच वर्षी .३१२ आणि ४६ डबल (दोन बेसचे फटके), २०१७ मध्ये २९ होम रन. स्ट्राइकआउट वाढले असतील तर काळजी करा. ते स्थिर असून फक्त सरासरी पडली असेल तर थांबा.

ट्रिपल-ए मधल्या खेळाडूसाठी आता आणखी एक सोय आहे. २०२३ पासून त्या पातळीचा स्टॅटकास्ट डेटा (कॅमेऱ्यांनी मोजलेला चेंडूचा वेग वगैरे) सगळ्यांना बघता येतो. त्याने मारलेला चेंडू बॅटवरून ताशी ९५ मैलांच्या वर किती वेळा जातोय ते तपासा. तो आकडा चांगला आणि सरासरी वाईट, तर बहुधा नशिबाचा भाग.

खेळ बरा असूनही वर बोलावणं येत नसेल तर त्याची जागा कोणी अडवली आहे का बघा. त्या पोझिशनवर दीर्घ कराराचा खेळाडू असेल तर ट्रेड होईपर्यंत काही हलणार नाही. बोलावणं आलं तरी तुमच्या लीगचा नियम वाचून ठेवा. मेजर लीगमध्ये रूकीची मर्यादा १३० अ‍ॅट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या खेपा) किंवा ५० इनिंग अशी आहे आणि बऱ्याच लीग मायनरच्या राखीव जागेसाठी तीच वापरतात. ती ओलांडली की मुलाला मुख्य रोस्टरवर आणावं लागतं. त्यामुळे शंभराच्या आसपास अ‍ॅट-बॅट झाले की कोणाला सोडायचं ते ठरवायला घ्या.