व्हिडिओ चालू असताना गप्प बसा: वर्गात मल्टिमीडिया वापरणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

व्हिडिओ लावला की साठ मुलांचा वर्ग चिडीचूप होतो. या शांततेवर विश्वास ठेवू नका. मुलं पडद्याकडे बघतायत एवढंच त्यातून कळतं, त्यांना काय समजलं ते कळत नाही. नव्या शिक्षकाला वर्ग सांभाळण्याचीच धास्ती असते. त्यामुळे शांत वर्ग दिसला की हायसं वाटतं आणि व्हिडिओ दहा-बारा मिनिटं तसाच चालू राहतो. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारला की "मस्त होता व्हिडिओ" यापलीकडे काही हाती लागत नाही.

याहून मोठा घोळ आपण बोलायला लागलो की होतो. मुंबईच्या सेमी-इंग्रजी वर्गात हे रोज घडतं. व्हिडिओत इंग्रजी निवेदन चालू असतं, खाली सबटायटल पळत असतात, आणि मुलांना इंग्रजी झेपणार नाही म्हणून आपण त्यावर मराठीत समजावत असतो. खिडकीखालून हार्बर मार्गाची लोकल जाते ती वेगळीच. मुलाने ऐकायचं कुणाचं? कान एका वेळी एकच बोलणं नीट पकडतो. डोळे सबटायटल वाचत असतील तर आकृतीत काय हललं ते निसटतं. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने मल्टिमीडियातून शिकण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. चित्र आणि निवेदन असताना तेच निवेदन पडद्यावर अक्षरांतही दाखवलं, तर शिकणं बहुतेक वेळा कमी होतं, असं त्यांत दिसलं. जास्त दिलं म्हणजे जास्त पोचलं, हा हिशोब इथे चालत नाही. पीपीटीवरचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवणं हीसुद्धा तीच चूक.

म्हणून एक नियम पाळा. आवाज एकच: व्हिडिओचा नाहीतर तुमचा. माझं मत विचाराल तर व्हिडिओ म्यूट करा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये एम दाबलं की आवाज बंद, स्पेसबारने चित्र थांबतं, ई दाबत गेलात तर एकेक फ्रेम पुढे सरकते, शिफ्ट धरून डावा बाण दाबला की थोडं मागे जाता येतं. चित्र हलत असताना गप्प राहा. थांबवलंत की बोला, विचारा, वहीत काढायला लावा. एका तुकड्याची लांबी दोन-तीन मिनिटं ठेवा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत असे दोन तुकडे झाले तरी भरपूर झाले. कुठे थांबायचं ते आदल्या दिवशी ठरवून पाठ्यपुस्तकाच्या समासात मिनिट-सेकंद लिहून ठेवा. वर्गात सुचेल तिथे थांबवू म्हटलं तर थांबवणं होत नाही.

आता दहावीचा 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा पाठ घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, काहींचं मराठी भाषांतर आहे, आणि नवी एचटीएमएल प्रकारातली सिम्युलेशन घरून उतरवून पेन ड्राइव्हवर आणता येतात. शाळेच्या वायफायच्या भरवशावर राहू नका. प्रकाशाच्या सिम्युलेशनमध्ये बहिर्वक्र भिंग घ्या, वस्तू २एफ१ च्या (भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावरच्या बिंदूच्या) पलीकडे ठेवा आणि किरण बंद ठेवा. "वस्तू २एफ१ वर आणली तर प्रतिमा कुठे, केवढी?" असं विचारा. मुलांना आकृती काढायला दोन मिनिटं द्या, मगच वस्तू सरकवा. प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला २एफ२ वर, उलटी, तेवढ्याच आकाराची दिसते. मग मुख्य किरण चालू करा. शेवटी वस्तू एफ१ च्या, म्हणजे नाभीच्या, आत आणा, म्हणजे प्रतिमा त्याच बाजूला, सुलटी आणि मोठी होते. अंदाज वहीत लिहिण्याआधी उत्तर पडद्यावर आलं तर सगळा तास वाया. मुलं मान डोलावतात, बस्स.

आता खरी परीक्षा. "भिंगाचा अर्धा भाग झाकला तर प्रतिमेचं काय होईल?" बहुतेक मुलं म्हणतील, अर्धी प्रतिमा जाईल. इथे सिम्युलेशन बाजूला ठेवा आणि साधं हातभिंग काढा. आतल्या बाजूचे दिवे बंद करा, भिंग खिडकीकडे धरा, मागे पांढरा कागद पुढेमागे करा. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या, वाळत घातलेल्या कपड्यांच्या रंगांसकट, कागदावर उलट्या उमटतात. आता भिंगापुढे पोस्टकार्ड सरकवून अर्धं झाका. इमारत पूर्ण राहते, फक्त अंधुक होते. गॅलरीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण सगळ्या भिंगावर पडतात. उरलेला अर्धा भागही ते त्याच जागी आणतो, प्रकाश तेवढा कमी होतो. साठ जणांना एवढासा कागद दिसणार नाही, म्हणून मोबाइल स्टँडवर लावून त्याचा कॅमेरा प्रोजेक्टरवर दाखवा. सोय नसेल तर आदल्या दिवशी अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवा. वर्ग पश्चिमेकडे असेल तर दुपारी भिंग सूर्याकडे जाऊ देऊ नका आणि मुलांच्या हातात ते मोकळं सोडू नका.

यंत्राच्या कटकटी मोजक्याच असतात, पण त्या नेमक्या तासातच येतात. एचडीएमआय केबल लावली की विंडोज बहुधा आवाज प्रोजेक्टरकडे पाठवतं आणि तुमचे स्पीकर मुके होतात. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला. पडद्यावर काहीच दिसत नसेल तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. मराठीतली जुनी पीपीटी उघडल्यावर अक्षरांऐवजी भलतंच दिसलं, तर ती युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये केलेली आहे आणि तो फॉन्ट या लॅपटॉपवर नाही. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, निदान ज्या संगणकावर नीट दिसते तिथून पीडीएफ करून आणा. शेवटचा बाक २४ फुटांवर असेल तर चित्राची उंची ४ फूट तरी हवी, अक्षरं २८ पॉइंटपेक्षा लहान नकोत. सगळे दिवे घालवू नका, जेवणाच्या सुट्टीनंतर तर मुळीच नको, मुलं पेंगतात. फक्त पडद्याजवळचे बंद करा आणि पडद्यालगतच्या खिडकीला काळा कार्डपेपर लावा. स्लाइड शो चालू असताना बी दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे येतात. ही एक कळ शिकलात तरी अर्धं काम झालं.

पुस्तक कंपन्यांच्या तयार पीपीटी, एका दुपारी वीस ॲप दाखवणारी प्रशिक्षणं, यांच्या मागे नव्या शिक्षकाने लागू नये असं मला मनापासून वाटतं. तयार पीपीटीत विचारण्याची जागाच नसते. त्यापेक्षा शाळेतल्या खडू-फळ्यावर शिकवणाऱ्या जुन्या बाईंच्या वर्गात मागे जाऊन बसा. त्या आकृती एकेक रेघ काढत नेतात, मध्ये थांबतात, वळून विचारतात. ॲनिमेशन नेमकं असंच चालवायचं असतं. विज्ञान शिकवत असाल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्याच शहरात आहे, तिथल्या शिक्षकांसाठीच्या साहित्याकडे लक्ष ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोडही पाहा, पण वर्गात दाखवण्याआधी घरी पूर्ण बघा.

पहिले काही तास अडखळत जातील. केबल सापडणार नाही, मुलं हसतील. घाबरू नका, मुलं ते विसरतात. एकाच पाठासाठी एकच तुकडा नीट बसवा आणि तोच दोन्ही वर्गांत चालवून बघा. जिथे मुलांचे अंदाज चुकले तिथली वेळ समासात खूण करून ठेवा, पुढच्या वर्षी तिथे जास्त थांबायचं. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर रिमोटने बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच काढू नका. घाईत बटण बंद केलं तर दिव्याचं आयुष्य कमी होतं, आणि नवा दिवा मिळेपर्यंत प्रोजेक्टर कपाटात पडून राहतो.