घुसखोरीवर वाद घालायचा तर

माझ्याकडे वादविवादाच्या तयारीला येणाऱ्या मुलांना यंदा पुन्हा तोच विषय आलाय: ‘बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध कायद्याची कठोर अंमलबजावणी झालीच पाहिजे.’ ठाण्यात गेली अठरा वर्षं मी हे शिकवतेय आणि सर्वांत जास्त भाषणं याच विषयावर फसलेली पाहिली आहेत. पहिल्याच मिनिटाला आवाज चढतो, ‘देश म्हणजे धर्मशाळा आहे का?’ असं कुणीतरी विचारतं, समोरून माणुसकीची हाक येते, आणि घंटा वाजेपर्यंत दोघंही जागचे हलत नाहीत.

विनापरवाना आलेल्याने राहू नये, यावर खरं तर फारसं दुमत नाही. भांडण आहे ते पुढच्या पायरीवर: हा माणूस बाहेरचा, हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? बाजू कोणतीही मिळो, भाषण या पायरीवर उभं करा.

आधी कायदा वाचा. १९४६ चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा आता राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ लागू झाला आणि जुने चार कायदे रद्द झाले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्यातली एक गोष्ट मात्र तशीच राहिली, ती वहीत लाल शाईने लिहा: आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच. चोरीच्या खटल्यात गुन्हा सरकारला सिद्ध करावा लागतो, इथे उलटं आहे.

अनुकूल बाजू असेल तर इथून थेट आसामात जा. तिथे लागू झालेल्या १९८३ च्या कायद्याने ही जबाबदारी संशयितावर टाकली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो रद्द केला. घुसखोर शोधून परत पाठवण्याच्या कामात तो कायदाच मोठा अडथळा ठरलाय, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. याहून भक्कम मुद्दा तुम्हाला मिळणार नाही.

प्रतिकूल बाजूनेही आसामातच जायचं. नलबारीच्या एका माणसाला २०१२ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने परदेशी ठरवलं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भारतीयच असल्याचं सांगितलं, तेव्हा तो हयात नव्हता. कागदांवरच्या नावांच्या स्पेलिंगमधले आणि तारखांमधले किरकोळ फरक त्याच्या विरोधात गेले होते. हे ऐकून मुलं मान डोलावतात, पण त्यांना ते लागत नाही. म्हणून मी माझ्या आजीचे कागद टेबलावर पसरते. रेशनकार्डावर सावित्रीबाई, सातबाऱ्यावर साऊ, मतदारयादीत सावित्री. जन्माचा दाखला नाहीच, ती घरी जन्मली. ‘ही एकच बाई आहे, हे मला पटवून द्या,’ म्हटलं की वर्ग गप्प होतो. आपल्या घरातले कागद काढून हा प्रयोग करून बघा, मगच बोला.

आधार कार्ड उंचावून दाखवू नका. नव्या आधारवरच छापलेलं असतं की ते ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. दोन वर्षांपूर्वी माझी एक हुशार मुलगी याच एका वाक्यावर अंतिम फेरीत पडली. चूक माझी होती, मी तिला तपासून दिलं नव्हतं.

कोटींचे आकडे तर जपूनच वापरा. जुलै २००४ मध्ये राज्यसभेत १ कोटी २० लाखांवर बांगलादेशी बेकायदा राहत असल्याचं सांगितलं गेलं, आणि ती माहिती विश्वासार्ह नसल्याचा खुलासा खुद्द सरकारलाच करावा लागला. २०१६ मध्ये राज्यसभेतच सुमारे २ कोटी असं उत्तर आलं. त्यापेक्षा आसामची नागरिक नोंदवही घ्या: ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीबाहेर १९,०६,६५७ माणसं राहिली. मात्र ‘एवढे घुसखोर सापडले’ असं म्हणू नका. यादीबाहेर राहणं म्हणजे परदेशी ठरणं नाही, तो निकाल न्यायाधिकरण देतं.

आता आपल्या दारातलं. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले आणि भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावे लागले. अनुकूल बाजूच्या मुलाने हे लपवू नये, समोरचा काढणारच. आपणच आधी काढा आणि म्हणा: कठोर अंमलबजावणी म्हणजे पडताळणीही कठोर, उत्तर येण्याआधी कुणाला सीमेवर नेणं ही ढिलाई. हा युक्तिवाद मला मनापासून पटतो, आणि परीक्षकांनाही पटलेला मी पाहिलाय. प्रतिकूल बाजूने त्यावर विचारावं, ‘पडताळणी होईपर्यंत तो माणूस कुठे, किती दिवस आणि कुणाच्या खर्चाने राहणार?’ जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं राज्यघटनेचं कलम २१ ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतं. तो शब्द मूळ पानावर बोट ठेवून वाचा.

आणि बंगाली बोलणाऱ्याला ‘बांगलादेशी’ म्हणायची सवय तालमीतच मोडा. माझ्याकडे जो हे म्हणतो, त्याला मी भाषण पहिल्यापासून पुन्हा करायला लावते.