शिवण परिषदेला जाण्याआधी आणि वर्गात बसल्यावर

दोन-तीन दिवसांच्या शिवण परिषदेत शिकण्यासारखं भरपूर असतं, पण हातात तास मोजकेच असतात. त्यातले निम्मे मापं घेण्यात, कागद कापण्यात आणि सुई शोधण्यात गेले, तर समोर जाणता माणूस असतानाच शिकता येणारी गोष्ट राहून जाते. ती म्हणजे फिटिंग. कटिंगचे व्हिडिओ घरबसल्या बघता येतात. आपल्याच पाठीवर पडलेली चुणी मात्र दुसऱ्या कुणीतरी बघून सांगावी लागते. म्हणून सगळी तयारी फिटिंगला वेळ मिळावा या हिशोबानं करा.

वर्ग निवडताना

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना विचारून घ्या. वर्ग नुसता बघायचा आहे की स्वतः शिवायचं आहे? एका शिक्षिकेमागे किती जण? मशीन प्रत्येकाला की दोघांत एक? फर्मा (कापड बेतण्याचा कागदी साचा) तयार मिळणार की आपल्या मापाचा काढायचा? तयार फर्म्याच्या वर्गात शिलाईची सफाई शिकता येते, माप बसवणं नाही. दहाच्या वर जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला फिटिंगची काही मिनिटंच येतात, मग वर्गाचं नाव कितीही आकर्षक असो. एका दिवसात दोन मोठे कपडे घेऊ नका. सकाळी कटोरी ब्लाऊज आणि दुपारी कॉलरचा शर्ट घेतला की दोन्ही अर्धेच राहतात.

सरळ शिलाई अजून बसली नसेल तर परिषदेची घाई नको. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये शिवणाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम असतात, पाया तिथे नीट होतो.

घरून करून न्यायची तयारी

मापं स्वतःची स्वतः घेऊ नका. टेप पाठीमागे खाली सरकतो आणि छातीचं माप चुकतं. जी ब्रा ब्लाऊजच्या आत घालणार तीच घालून, दुसऱ्या कुणाकडून मापं घ्या: छाती, छातीच्या वर, कंबर, खांदा, उंची, खांद्यापासून टक्स पॉइंट (छातीचा सगळ्यात पुढे येणारा बिंदू), दोन टक्स पॉइंटमधलं अंतर, मुंढा (बाही जोडायच्या जागेचा घेर), दंडाचा घेर, बाहीची उंची. टेप ना ओढून ना सैल. माप घेतानाच सैलपणा धरू नका, तो ड्राफ्टिंगच्या, म्हणजे फर्मा आखण्याच्या, वेळी द्यायचा असतो: ब्लाऊजला छातीत साधारण एक ते दीड इंच, सरळ कुर्त्याला तीन ते चार. वहीत ‘अंगाचं माप’ आणि ‘तयार माप’ असे दोन रकाने ठेवा. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की सैलपणा एकतर दोनदा दिला जातो, नाहीतर अजिबात नाही.

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच न्या. सुती कापड पाच टक्के आटलं तर कुर्त्याच्या अडीच मीटर कापडातले साडेबारा सेंटीमीटर जातात. न धुता शिवलं तर शिवलेला कुर्ता त्याच प्रमाणात पहिल्या धुण्यात आखूड होईल. अस्तरही धुवा. वरचं कापड आटलं नाही आणि अस्तर आटलं, तर ब्लाऊज आतून ओढला जातो आणि बाहेरून टक्सशी चुण्या पडतात. यावर नंतर इलाज नाही.

आणखी एक कापड न्यायलाच हवं, ते म्हणजे दोन मीटर मांजरपाट (साधं जाडसर सुती कापड), धुतलेला. पहिला, चाचणीचा ब्लाऊज त्याचाच बेता. साडीचा ब्लाऊजपीस पहिल्या दिवशी पिशवीतच राहू द्या. मांजरपाट, अस्तर, दोरा, हुक ही खरेदी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात उरकता येते.

पिशवीत काय

कापडाची आणि कागदाची कात्री वेगळी (कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते), उसवणी, टेप, टाचण्या, खडू, फूटपट्टी, मोठा कागद आणि सुया. पातळ सुती आणि सिल्कला ११ नंबर, मध्यम कापडाला १४, डेनिमला १६, होजिअरीला बोथट टोकाची बॉल पॉइंट. मशीन आयोजकांचं असेल तर ते घरगुती आहे की कारखान्याचं, हे आधी विचारा. घरगुती सुईच्या दांड्याला एक बाजू चपटी असते, कारखान्याच्या मशीनची गोल असते, आणि एकीची सुई दुसऱ्याला चालत नाही. पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईच्या दमटपणात सुयांना लगेच गंज चढतो. त्या तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा, नाहीतर सिल्कचे धागे ओढले जातात.

कार्यक्रम वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात असेल तर स्टेशनवरून चालत जाता येतं. ठाण्याहून वाशीचीच लोकल धरा. पनवेल किंवा नेरुळच्या गाडीत बसलात तर तुर्भ्याला उतरून गाडी बदलावी लागते. स्वतःचं मशीन न्यायचं असेल तर सहा-सात किलोंचं ओझं गर्दीच्या वेळी नेण्यापेक्षा एक तास आधी निघा.

मशीनवर बसल्यावर

कारखान्याचं मशीन घरच्यापेक्षा कितीतरी वेगानं पळतं. आधी दोरा न ओवता कागदावर सरळ रेघा आणि वळणं मारा, पायाचा दाब हातात येऊ द्या. ‘पायाचा दाब हातात’ हे चुकून लिहिलेलं नाही, वेग पायानं आवरला की दोन्ही हात कापड वळवायला मोकळे होतात.

वरचा दोरा ओवताना मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा. पाय खाली असला की टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण धरणाऱ्या) चकत्या बंद असतात, दोरा त्यांच्यात बसत नाही आणि खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होते. बहुतेक जण अशा वेळी बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळतात, आणि दोष मात्र वर असतो. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, मग बाकी तपासा. टाक्याची लांबी सुतीला अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाला दहाएक टाके. फिटिंगसाठीची शिलाई मात्र चार मिलिमीटरची, उसवायला सोपी.

मुंढा आणि बाही

वर्गातला सगळ्यात मोलाचा वेळ इथे घाला. हात वर केला की ब्लाऊज वर चढतो, काखेत आवळतो. ‘मुंढा घट्ट आहे’ असं वाटून तो आणखी खोल कापला जातो आणि ब्लाऊज जास्तच चढायला लागतो. कारण असं की मुंढा जितका खाली जाईल, तितकी बाही अंगाच्या कुशीला खालून जोडली जाते, आणि हात उचलला की ती सगळी कूसच वर ओढते. खरा उपाय उलटा: मुंढा काखेच्या जवळ ठेवायचा आणि बाहीला दंडात रुंदी द्यायची.

म्हणून मांजरपाटाचा मुंढा मुद्दाम वर बेता. ब्लाऊज कच्चा शिवा, अंगात घाला, हात पुढे घ्या, वर करा, खुर्चीत बसा. काखेत बोचलं तरच दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली कापा आणि पुन्हा घालून बघा. एकदम इंचभर कापू नका, कापलेलं कापड परत जोडता येत नाही. बाहीचा वरचा गोल मुंढ्याच्या मापापेक्षा अर्धा ते एक इंच मोठा हवा. तो फरक खांद्याच्या दोन्ही बाजूंना विभागून बसवा, काखेकडे नको. बाही लावण्याआधी पुढचा-मागचा भाग खुणेनं ठरवून ठेवा. उलटी लागलेली बाही दंडापुढे चुण्या टाकते आणि दोष उगीच मुंढ्यावर जातो.

शिक्षिका टाचण्या लावतील तेव्हा टाचण्यांसकट समोरून, बाजूनं आणि मागून फोटो काढा. ब्लाऊज काढल्यावर प्रत्येक टाचणीच्या जागी खडूनं खूण करून सूतात माप लिहा, आणि घरी गेल्यावर मांजरपाट उसवून त्याच खुणांचा नवा कागदी फर्मा काढा. त्यावर तारीख आणि छातीचं माप टाका. वजनात दोन-तीन किलोंचा फरक पडला की मापं पुन्हा तपासायची. आठवड्याभरात त्याच फर्म्यावर ब्लाऊजपीस बेता, हात अजून सवयीत असताना.